मागच्या भिंतीचा बाक

मित्रांनो, ज्याच्यावर कुणी आपण होऊन बसत नसे, असा मी एक जुना बाक आहे. सध्या माझा मुक्काम प्रार्थनामंदिराच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली असतो. माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे, पाठीची फळी उन्हाने तडकली आहे आणि अंगावर कावळ्यांच्या खुणा आहेत. पण म्हातारपणाची मला लाज नाही. लाज वाटते ती ऐन उमेदीच्या वर्षांची, जेव्हा माझे लाकूड गुळगुळीत होते आणि पाय धडधाकट होते. तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

मी मुक्वाच्या झाडातून आलो. तुमच्या रानातल्या बिबळ्याचा तो भाऊबंद. कुऱ्हाड लागली की त्याच्या बुंध्यातून लाल चीक गळतो, पाहणाऱ्याला वाटावे रक्तच आले. उत्तरेच्या रानातून लॉरीत पडून मी समुद्रापलीकडच्या आमच्या किट्वे शहराच्या कडेला, तांब्याच्या खाणीतल्या कामगारांच्या वसाहतीत आलो. तिथे बाशी म्वापे नावाच्या सुताराने मला घडवले. आमच्याकडे मोठ्या माणसांना त्यांच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. म्वापेचा बाप तो बाशी म्वापे, म्वापेची आई ती बाना म्वापे.

प्रार्थनामंदिराच्या मंडळीने त्याच्याकडे बाकांची रांगच सांगितली होती. मी सगळ्यांत शेवटचा. ईस्टर तोंडावर आला होता, मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब रोज येऊन "झालं का?" विचारत होते, आणि त्या घाईत माझा एक पाय अंगठाभर आखूड राहिला. बाशी म्वापेने खाली लाकडाची चीप सारली आणि म्हणाला, "चालेल. देवाच्या घरात सगळे लंगडेच येतात." पण चालले नाही. माझ्यावर कुणी टेकले की मी 'कर्रर्र' असा मोठा आवाज करी. आधी मला पुढे, गाणाऱ्यांसाठी ठेवले होते. उपदेश ऐन रंगात आला की कुणीतरी अंग हलवी, मी ओरडे, आणि पोरे तोंडावर हात धरून हसत. शेवटी मला उचलून मागच्या भिंतीला लावले. तिथे दारातून वारा येई. उशिरा आलेली माणसे, रडकी बाळे घेतलेल्या आया माझ्यावर बसत. ते दिवस मी सुखात काढले.

मग एका रविवारी बाशी चोंबा माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

बाशी चोंबा म्हणजे आमच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाचे प्रमुख. खाणीत मुकादम होते. कोटाची इस्त्री कधी मोडायची नाही, आणि शब्दही कधी मागे घ्यायचे नाहीत. आमच्या मंडळीत एक जुनी रीत होती. कुणाचे पाप उघडकीला आले की वडीलमंडळ त्याला शिस्तीखाली घेई. प्रभुभोजनाची पवित्र भाकर बंद, गाणे बंद, आणि बसायचे सगळ्यांच्या मागे, एकट्याने. पूर्वी त्यासाठी दाराजवळ एक चटई असे. बाशी चोंबांनी मला हाताने दाबून पाहिले. मी ओरडलो. ते म्हणाले, "हा बरा आहे. आवाज करतो. कोण बसलं ते सगळ्यांना कळेल."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि मग ती वाटतच राहिली.

माझ्यावर कोण कोण बसले! दुसरी बायको केलेला एक पुरुष बसला. शेजारणीचे केस ओढलेली एक बाई बसली. पण बसवल्या गेल्या त्या जास्त करून मुलीच. पुरुष कमी का, हे मला बरेच दिवस कळले नाही. मग कळले. पाप दोघांचे असले तरी पोट मुलीचेच दिसते. मुलगी येई, मान खाली घालून हळूच टेकायला बघे, आणि मी मेला 'कर्रर्र' करी. सगळ्या माना मागे वळत. मुलीच्या अंगाला सुटलेला कंप माझ्या फळ्यांना कळे. मी मनातल्या मनात म्हणे, बाई, माझा पाय आखूड आहे ग, त्यात तुझा काही दोष नाही. पण लाकडाचे म्हणणे कोण ऐकतो?

हळूहळू मला कुणी शिवेनासे झाले. आया पोरांना सांगत, "त्यावर बसू नकोस, वाईट असतं." झाडणारी बाईसुद्धा माझ्याखालून झाडू फिरवी, वरून फडका मारत नसे.

आमच्या वसाहतीच्या पाठीमागे खाणीचा काळा ढिगारा आहे. भट्टीतून निघालेली धातूची मळी वर्षानुवर्षे तिथे टाकत आले. त्यात अजून तांबे सापडते, म्हणून माणसे तो पोखरतात. मुलेही जातात. शाळा सुटलेली, बाप नसलेली, पुडीतली स्वस्त दारू पिऊन भूक मारणारी मुले. कधी कधी ढिगारा घसरतो.

बाना सांपाचा सांपा तसाच गेला. सतरा वर्षांचा होता. त्याची आई बाजाराजवळ पत्र्याच्या खोपटात बायकांच्या वेण्या घालते. अंगाने जाडजूड, बोलायला फटकळ, हसली की अख्खा बाजार हसावा अशी बाई. मुलाला पुरल्यावर ती बरेच दिवस कुणाशी बोलली नाही. एके दिवशी मात्र ती मंदिरात आली. पाळकसाहेब एकटेच बसले होते.

ती म्हणाली, "पाळकसाहेब, शनिवारी दुपारी मला अंगण द्या. आणि एक मोठं पातेलं."

"कशाला?"

"पोरं ढिगाऱ्यावर का जातात ते मला आता ठाऊक झालंय. पोटात भूक असते, आणि घरी कुणी वाट बघत नसतं. भुकेचं मी बघते. वाट बघायचं मंडळीने बघावं."

असा आमचा तरुण संघ सुरू झाला. शनिवारी दुपारी आधी लाल मातीत फुटबॉल, मग मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा, शेंगदाणे घालून केलेली घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मूठभर कापेंटा मासळी, मग गाणी, मग शास्त्रातला एखादा उतारा, आणि शेवटी ज्याला जे बोलायचे ते. बोलताना कुणी हसायचे नाही, हा एकच नियम. मी मागच्या भिंतीपाशी उभा राहून उघड्या दारातून सारे बघे. बाना सांपा पोरांना नावाने ओळखे. एखादा आला नाही की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन दार वाजवी.

कलुबा आला तो जेवणाच्या वासाने. सोळा वर्षांचा, आजीजवळ राहणारा, ढिगाऱ्यावरच्या टोळीतला. तोंडाला दारूचा भपकारा. पोरे बाजूला झाली. बाना सांपा पळी हातात धरूनच त्याच्याकडे गेली.

"नाव काय रे तुझं?"

"तुला काय करायचंय, म्हातारे?"

"मला काय करायचंय? न्शिमा वाढायची आहे. नाव माहीत नसेल तर ताट कुणाला देऊ? आणि म्हातारी कुणाला म्हणतोस? केस बघ माझे, एक पांढरा नाही."

"रंग लावलाय."

सगळे अंगण हसले. बाना सांपाही हसली. "लावलाय खरा! जा, हात धू. मासळीला तुझा वास लागेल."

कलुबा जेवला. पुढच्या शनिवारीही आला, त्याच्या पुढच्याही. त्याचा आवाज खर्जातला निघाला. त्याला गोल राखायला उभे केले तर चेंडू आत जाईना. एकदा तो रविवारी पिऊन उपासनेला आला, तेव्हा बाशी चोंबांनी त्याला माझ्यावर बसवले. मी ओरडलो. कलुबा मोठ्याने म्हणाला, "बाक, तूसुद्धा प्यायलास काय?" मित्रांनो, माझ्यावर बसून कुणी हसवल्याची ती पहिली वेळ. त्यानंतर त्याची दारू कमी झाली. अगदी सुटली असे म्हणत नाही, पण शनिवारी तो कोरडा असे.

त्याच संघात बुपे होती. पंधरा वर्षांची, शाळेत हुशार, बाजारात पिठाचे गोळे तळून विकणाऱ्या एका विधवेची थोरली मुलगी. आणि चोंबाही होता, बाशी चोंबांचा मुलगा, सतरा वर्षांचा, उंच, गोड गळ्याचा. रविवारी तोच गाणे उचलायचा. तो गाऊ लागला की म्हाताऱ्या बायका डोळे पुसत.

एका रविवारी बुपेची आई महिला मंडळाच्या पांढऱ्या पोलक्यात, लाल टोपीत दारातून आत आली. मागे बुपे होती. बुपेच्या कमरेला चितेंगे, आमच्याकडचे लुंगीसारखे छापील वस्त्र, नेहमीपेक्षा सैल गुंडाळलेली. आई पुढे जाऊन आपल्या जागेवर बसली. मागे वळली नाही. बुपे माझ्यापाशी आली आणि बसली.

'कर्रर्र.'

मला वाटले, बाशी म्वापेने त्या दिवशी मला चुलीत का नाही घातले!

मुलाचा बाप कोण, हे वडीलमंडळाने तिला विचारले होते. आईने विचारले, मारूनही विचारले. तिने नाव सांगितले नाही. मग शिक्षा एकटीलाच झाली. शाळेचा गणवेश पोटावर बसेना, म्हणून शाळाही सुटली. उपासनेत ती गीतांचे पुस्तक पोटाशी धरून बसे. पुढे चोंबा गाणे उचलायचा, तेव्हा तिची बोटे पुस्तकावर इतकी आवळत की नखे पांढरी पडत. मी लाकूड. पण माझ्यावर बसलेल्याचा श्वास मला कळतो. तेव्हाच मला उमगले.

शनिवारी ती संघात आली. अंगणात ताट घेऊन मुलींच्या घोळक्यात बसली, तशा त्या एकेक करून उठल्या. एकीने नळावर जायचे निमित्त काढले, एकीने काहीच काढले नाही. बुपे ताटाकडे बघत राहिली. बाना सांपाने ते पाहिले. आदल्याच दिवशी चार आया तिच्या खोपटात येऊन बजावून गेल्या होत्या, "ती पोरगी बसणार असेल तर आमच्या मुली येणार नाहीत. संघ की लाजेचं दुकान?" बाना सांपाला वाटले असावे, एकीसाठी बाकीच्या कशा गमावू? तिने बुपेला दाराच्या आत, माझ्याजवळ आणले आणि हळू आवाजात म्हणाली, "थोडे दिवस घरीच बस, बाळा. लोकांना थंड होऊ दे."

बुपे म्हणाली, "हो, बाना सांपा."

ताट तिने माझ्यावर ठेवले. अर्धेही संपले नव्हते. मग ती निघून गेली.

त्यानंतरचा रविवार गेला, आणखी एक गेला. बुपे माझ्यावर बसायलाही आली नाही. आईला कुणी विचारले तर ती म्हणे, "आजारी आहे."

पुढे एका शनिवारी सकाळी बाना सांपा मंदिराची फरशी पुसत होती. कलुबा धावत आत आला. पाय काळ्या धुळीने भरलेले, तसेच ओल्या फरशीवर ठेवत आला.

"अरे, पाय! आत्ता पुसलंय मी!"

"बाना सांपा, बुपे ढिगाऱ्यावर आहे."

तिच्या हातातला फडका खाली पडला.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या जुन्या टोळीतल्यांनी. बायकांबरोबर दगड फोडते. खालच्या बाजूला, जिथं..." तो थांबला. सांपा जिथे गेला ती जागा सगळ्यांना ठाऊक होती.

"आणि तिची आई? आईने जाऊ दिलं?"

"आई तिच्याशी बोलतच नाही. बुपे पहाटे निघते, दिवस मावळल्यावर येते. आईला सोपंच झालं ना, तोंड बघायला नको." कलुबाचा आवाज चिरकला. "बाना सांपा, एक विचारू? मी आलो तेव्हा माझ्या तोंडाला दारूचा वास होता. तुम्ही मला ताट दिलंत. ती पोट घेऊन आली, तर तिला घरी बस म्हणालात. का?"

बाना सांपा मागे सरली, तिचा पाय मला लागला आणि ती मटकन माझ्यावर बसली. मी ओरडलो. मंदिर रिकामे होते, तरी तिने दचकून आजूबाजूला पाहिले. मग डोक्यावरून चितेंगे ओढून तोंड झाकले. एवढी मोठी बाई, माझ्यावर बसून लहान मुलीसारखी हुंदके देत होती. कलुबा घाबरून गेला.

"मी वाईट बोललो का?"

"नाही रे," ती चितेंगेच्या आतून म्हणाली. "खरं बोललास. मी पोर गमावलेली बाई. आणि दुसऱ्याचं पोर मीच तिकडे पाठवलं." मग ती उठली. "चल. वाट दाखव. मी त्या बाजूला कधी गेले नाही."

पुढचे मला कलुबाच्या तोंडून कळले. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी बायका रांगेने बसून दगड फोडत होत्या. बुपे शेवटी होती, तोंडाला फडके बांधून. बाना सांपा आपल्या स्वच्छ कपड्यांनिशी तिच्याशेजारी काळ्या मातीत बसली. बुपे हातोडी मारतच राहिली.

"बुपे, मी चुकले."

"तुम्ही नाही चुकलात. मी आले असते तरी मुली उठून गेल्या असत्या."

"गेल्या असत्या तर गेल्या असत्या. आपण दोघी जेवलो असतो. पातेलं मोठं आहे."

बुपेने हातोडी थांबवली, पण उठली नाही. म्हणाली, "मला दया नको. मला रविवारी तो आवाज नको. तुम्ही बसून बघा एकदा त्याच्यावर."

"बसून आले," बाना सांपा म्हणाली.

तेव्हा बुपेने तोंडावरचे फडके काढले.

त्या दुपारी ढग दाटून आले, म्हणून संघ आत मंदिरातच जेवला. बुपे आली. तीन मुलींना त्यांच्या आयांनी हाताला धरून नेले. बाना सांपाने जाऊ दिले. मग तिने बुपेचे ताट मध्यभागी ठेवले, स्वतःचे त्याला लागून ठेवले आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पोरांनो, मी तुम्हाला सांगत असते की इथे कुणाला परत पाठवत नाही. मी खोटं बोलले. बुपेला पाठवलं. का, तर चार बायका काय म्हणतील म्हणून. मला तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते. आता दुसरं. पोराचा बाप कोण, ते मी विचारणार नाही. बुपेने सांगितलं नाही, तिची मर्जी. पण तो कुणी असेल, तर तो रात्री झोपत कसा असेल, एवढंच मला कळत नाही."

चोंबाने घास हातात घेतला होता, तो तसाच राहिला. न्शिमाचा गोळा त्याच्या बोटांत वाळून गेला. कलुबाने त्याच्याकडे पाहिले, आणि पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवारी मंदिर भरले होते. शिक्षा अजून उठली नव्हती, म्हणून बुपे माझ्यावरच बसली होती. आज तिच्याशेजारी कलुबाही येऊन बसला, कुणी न सांगता. "बाकाला सोबत," तो तिच्या कानात म्हणाला. चोंबाने गाणे उचलले. पहिले कडवे नीट गेले. दुसऱ्याच्या मध्यावर त्याचा आवाज बंद पडला. गाणाऱ्यांनी थोडे पुढे ओढले, मग तेही थांबले. चोंबा आपल्या पांढऱ्या झग्यात तिथेच उभा राहिला. मग खाली उतरला आणि मधल्या वाटेने मागे येऊ लागला. मला ती वाट रोजची. पण इतकी लांब ती मला कधी वाटली नव्हती.

तो आला आणि माझ्या रिकाम्या कडेला बसला.

मी ओरडलो. मित्रांनो, सगळ्या माना वळल्या.

बाशी चोंबा उठून उभे राहिले. "चोंबा! जागेवर ये."

"बाबा, हीच माझी जागा आहे. खूप आधी यायला हवं होतं."

"तमाशा करू नकोस. लोक बघतायत!"

"इतके रविवार लोक तिच्याकडे बघत होते, बाबा. तेव्हा मी गात होतो."

बाशी चोंबांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेबांनी शास्त्राच्या पानाकडे पाहिले. आता बुपे रडेल, किंवा त्याचा हात धरेल, असे मला वाटले. तसे काही झाले नाही. बुपेने कमरेची चितेंगे नीट बांधली आणि ती उठली. चोंबाकडे न बघता म्हणाली, "बस मग. आता कळेल," आणि मधल्या वाटेने पुढे चालू लागली. पोट पुढे, मान वर. महिला मंडळाच्या रांगेशी जाऊन ती आईजवळ उभी राहिली. आई समोर बघत होती. बराच वेळ समोरच बघत राहिली. मग तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बुपे तिथे बसली. आईचे खांदे गदगदू लागले, आणि लाल टोपी घसरून खाली पडली ती तिने उचलली नाही.

त्या दिवशी उपदेश झाला नाही. पाळकसाहेब इतकेच म्हणाले, "आज मला बोलायला तोंड नाही. आपण प्रार्थना करू." आणि चोंबा माझ्या एका टोकाला, कलुबा दुसऱ्या टोकाला, असे दोघे शेवटपर्यंत बसले. कलुबाचा राग मला जाणवत होता. मूठ आवळलेली होती. पण जाताना तो चोंबाला म्हणाला, "शनिवारी ये. पातेली घासायला कुणीतरी हवंय."

यानंतर सगळे गोड झाले असे समजू नका. वडीलमंडळात महिनोन्महिने वाद झाले. मला ठेवायचे की नाही यावरच किती बैठका! ठराव झालाच नाही. पण त्यानंतर माझ्यावर कुणाला पाठवायला कुणाचे तोंड उघडेना. शेवटी एका शनिवारी संघाच्या पोरांनी कुणाला न विचारता मला उचलले आणि इथे झाडाखाली आणून ठेवले. कलुबाने आखूड पायाखाली सपाट दगड बसवला. तरी मी थोडा कुरकुरतोच. आता त्या आवाजाने कुणी वळून बघत नाही.

बुपेला मुलगी झाली. बुपे पुन्हा शाळेत जाऊ लागली. तिची आई बाजारात असे, म्हणून परीक्षेच्या दिवसांत संघातल्या मुलींनी पाळ्या लावून बाळ सांभाळले. त्यांत त्या दिवशी ताट घेऊन उठून गेलेल्या दोघी होत्या. बाळाला पाठीशी बांधून त्या माझ्याभोवती फेऱ्या मारत आणि बुपेच्या नजरेला नजर देणे टाळत. चोंबाशी बुपेने लग्न केले नाही. तो लॉरीच्या कारखान्यात कामाला लागला, मुलीसाठी दूध-कपडे आणतो, बुपेच्या आईच्या हातात देतो आणि निघून जातो. मंदिरात तो अजून गात नाही. बाना सांपा त्याला म्हणते, "पुरे आता, गा की रे!" तो मान हलवतो.

आणि संघाने सगळ्यांना वाचवले असेही मी म्हणणार नाही. काब्वे नावाचा एक हसरा मुलगा माझ्यावर बसून जेवायचा. तो पुन्हा ढिगाऱ्यावर गेला आणि आला नाही. बाना सांपा त्याच्याही घरी जाऊन दार वाजवत राहिली. कधी कधी दार वाजवणारी बाई असूनही पोर हाती लागत नाही. पण जी हाती लागली, त्यांना मी मोजत नाही. त्यांच्या आवाजावरून ओळखतो.

एका दुपारी अंगणात मुली बाळाला खेळवत होत्या. बाशी चोंबा फाटकातून आत आले. कोट नव्हता. बराच वेळ आंब्याच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मग बुपेला म्हणाले, "मला... मला बाळाला थोडा वेळ घेता येईल का?"

बुपेने त्यांच्याकडे नीट पाहिले. "बसा आधी," ती म्हणाली. "हात कापतायत तुमचे. पाडाल."

दुसरी जागा नव्हती. बाशी चोंबा माझ्यावर बसले. मी आवाज केला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या अंगाला सुटलेला कंप मला माझ्या फळ्यांत कळला. तो कंप मी ओळखत होतो. बुपेने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले आणि पडू नये म्हणून स्वतःचा हात खाली धरून ठेवला.

मला वाटले होते, या माणसाला माझ्यावर बसलेले पाहून मला आनंद होईल. झाला नाही. मला त्यांचीही लाज वाटली, आणि दयाही आली.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. पुढच्या पावसाळ्यात माझा पाय मोडेल आणि मी त्या मोठ्या पातेल्याखाली जळेन. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या देवळात, तुमच्या गल्लीत एखादे मूल एकटे बसत असेल. त्याने काय केले, कुणी त्याला तिथे बसवले, हे विचारत बसू नका. उपदेश तर मुळीच करू नका. आपला डबा घ्या आणि त्याच्याशेजारी जाऊन बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालते. मला चार पाय आहेत, पण आयुष्यात एकदाही मला उठून कुणाजवळ जाता आले नाही. तुम्हाला दोनच आहेत, पण ते चालतात.